डिस्चार्ज कार्डावरचे मेंदूचे आणि मनाचे शब्द कसे वाचायचे

प्रश्न लांब होता म्हणून थोडक्यात परत मांडतो. आई ६८ वर्षांच्या, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. मध्यंतरी झोप लागत नाही, जीव घाबरा होतो म्हणून फॅमिली डॉक्टरांनी एक नवीन गोळी दिली. तीनेक आठवड्यांनी एके दिवशी सकाळपासून काहीच्या बाही बोलायला लागल्या, दुपारी डोळे फिरवले, अंग ताठ झालं, नंतर उजवा हात लुळा पडला आणि तासाभरात परत हलायला लागला. चार दिवस अॅडमिट होत्या. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय अल्टर्ड सेन्सोरियम, टीआयए पुढे प्रश्नचिन्ह, सीझर डिसऑर्डर पुढे प्रश्नचिन्ह, नोन केस ऑफ हायपरटेन्शन अँड अँग्झायटी न्यूरोसिस. एमआरआयमध्ये माइल्ड डिफ्यूज सेरेब्रल अॅट्रोफी आणि क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस. सोडियम ११७ होतं, सलाइन लावून १३२ वर आणलं. आता मामा म्हणतायत मेंदू सुकत चाललाय, पुढे वेड लागणार. आणि तुम्ही विचारताय, न्यूरोला दाखवू का सायकियाट्रिस्टला.

मी न्यूरॉलॉजी करतो, बरीच वर्षं झाली, आणि ओपीडीतला निम्मा वेळ दुसऱ्याने लिहिलेलं कार्ड नातेवाइकांना समजावण्यात जातो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी मामांची भीती काढून टाकू. सेरेब्रल अॅट्रोफी म्हणजे मेंदूचं आकारमान थोडं कमी झालंय. साठी ओलांडली की जवळजवळ सगळ्यांचंच थोडं होतं, तुमचं माझंही होणार आहे, आणि रेडिऑलॉजिस्टला जे दिसतं ते त्याला लिहावं लागतं. 'माइल्ड' आणि 'डिफ्यूज' म्हणजे थोडंसं आणि सगळीकडे सारखं, वयाला साजेसं. डिमेन्शियाचा संशय असतो तेव्हा आम्ही विशिष्ट भाग बघतो, कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा आठवणींचा भाग असतो तो वयाच्या मानाने फारच आक्रसलाय का वगैरे. आणि तरीसुद्धा डिमेन्शियाचं निदान फिल्मवरून होत नाही, ते घरच्यांना विचारून होतं. दुधाचा हिशोब जमतो का, गॅस चालू राहतो का, रोजच्या देवळातून परत येताना गल्ली चुकते का, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा येतो का. हे सगळं आजारपणाच्या आधी ठीक होतं ना? मग त्या 'अॅट्रोफी'ला एवढं मनावर घेऊ नका.

स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेसचं तसंच. मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या बीपीने आणि शुगरने वर्षानुवर्षं झिजतात, त्यांच्या आजूबाजूला एमआरआयवर पांढरे ठिपके दिसतात. फझेकास ग्रेड म्हणून ० ते ३ अशी एक श्रेणी लिहिलेली असते, १ असेल तर या वयात काही विशेष नाही, ३ असेल तर बीपीकडे खरंच दुर्लक्ष झालंय असं समजा. याचा अर्थ लकवा होऊन गेला असा नाही. त्यासाठी 'इन्फार्क्ट' हा शब्द असतो आणि तो ताजा असेल तर 'अॅक्यूट' लिहितात. तो तुमच्या रिपोर्टात नाही. आणि ते नसणं खूप महत्त्वाचं आहे, त्यावर खाली येतोच.

आता मुख्य मुद्दा. न्यूरोच्या आणि सायकियाट्रीच्या कागदावर जे शब्द येतात त्यातले बरेचसे फक्त काय दिसलं ते सांगतात, काही कुठे बिघडलं ते सांगतात, आणि कशामुळे झालं ते सांगणारे शब्द फार थोडे. हेमिपॅरेसिस म्हणजे अर्ध्या अंगाची ताकद कमी, हेमिप्लेजिया म्हणजे अर्ध्या अंगाची ताकद पूर्ण गेली, पॅराप्लेजिया दोन्ही पाय, अफेझिया म्हणजे शब्द सुचत नाहीत किंवा कळत नाहीत, अॅटॅक्सिया म्हणजे तोल जातो. हे सगळे 'काय दिसलं'वाले. न्यूरोपॅथी, रॅडिक्युलोपॅथी, मायलोपॅथी हे 'कुठे'वाले, अनुक्रमे हातापायाच्या नसा, मणक्यातून बाहेर पडणारं मूळ, आणि मज्जारज्जू. पायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, तर त्याला न्यूरोपॅथी म्हणतील, पण ती शुगरमुळे का बी-१२ कमी झाल्यामुळे का दारूमुळे हे त्या शब्दात नाहीच. लोक मात्र 'निदान झालं' म्हणून घरी जातात आणि 'नसांची कमजोरी' म्हणून ताकदीच्या गोळ्या खात बसतात. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असलेला शाकाहारी माणूस असेल तर बी-१२ तपासायलाच पाहिजे, पण तपासतं कोण, शब्द मिळाला की शोध संपतो.

तुमच्या कार्डावर वरपासून खालपर्यंत नजर टाका, ताज्या आजाराचं कारण सांगणारा एकही शब्द निदानाच्या ओळीत नाही. अल्टर्ड सेन्सोरियम म्हणजे भान पूर्ण नव्हतं, एवढंच. ताप आला म्हणण्यासारखं आहे ते. याला जरा नेमकं नाव डिलिरियम, आपल्याकडे जुनी माणसं 'वात झालाय', 'वातात बडबडतोय' म्हणायची ते हेच. डिलिरियम तासा-दिवसांत येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळी वाढतो, माणूस मध्येच शुद्धीत आल्यासारखा नीट बोलतो आणि परत भरकटतो. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत येतो. म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम झाला तर आधी लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम, शुगर, नवीन चालू झालेली गोळी, तुंबलेली लघवी हे बघायचं असतं. त्याला म्हातारचळ म्हणून घरी ठेवून घेतलेले पेशंट चार दिवसांनी बेशुद्ध होऊन येतात, हे दर पावसाळ्यात बघतो.

टीआयए. म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला आणि परत सुरू झाला. पूर्वी २४ तासांच्या आत बरं झालं की टीआयए अशी व्याख्या होती, आता एमआरआयवर ताजं इन्फार्क्ट नसलं तरच टीआयए म्हणतात. टीआयए झालेल्या माणसाला पुढच्या काही दिवसांत खरा स्ट्रोक, म्हणजे लकवा, येण्याची शक्यता बरीच असते म्हणून डॉक्टर त्याला घाबरतात आणि ते बरोबर आहे. पण तुमच्या आईच्या बाबतीत आधी डोळे फिरले, अंग ताठ झालं आणि मग हात लुळा पडला. हा क्रम महत्त्वाचा. फिट येऊन गेल्यावर ज्या भागात ती सुरू झाली तो भाग थकतो आणि काही मिनिटं ते काही तास हातपाय लुळा पडतो, त्याला टॉड्स पॅरालिसिस म्हणतात. कार्ड लिहिणाऱ्या डॉक्टरला दोन्ही शक्यता दिसत होत्या म्हणून त्याने दोन्हीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. हे प्रश्नचिन्ह कार्डावरची सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे. गंमत अशी होते की पुढच्या दवाखान्यात केसपेपर लिहिताना ते प्रश्नचिन्ह गळून पडतं आणि सहा महिन्यांनी आई 'टीआयए आणि एपिलेप्सीची जुनी पेशंट' होऊन बसते.

इथे नातेवाइकांच्या भाषेबद्दल पण बोललं पाहिजे, कारण कार्डावर काय येतं ते कॅज्युअल्टीत तुम्ही काय सांगता त्यावर ठरतं. रात्री दोन वाजता कोणी धावत येतं, 'डॉक्टर, झटका आला'. आता झटका म्हणजे फिट, झटका म्हणजे हार्ट अॅटॅक, झटका म्हणजे लकवा, आणि काहींचा झटका म्हणजे रागाचा. 'अॅटॅक आला'चं तेच. 'चक्कर आली' म्हणजे घर गरगर फिरलं, का डोळ्यापुढे अंधारी आली, का तोल गेला, का शुद्धच गेली, चारही वेगळे आजार. नाव सांगायचा प्रयत्नच करू नका, जे दिसलं ते सांगा. तोंड कुठल्या बाजूला वाकडं झालं, डोळे उघडे होते का मिटलेले, जीभ चावली का, लघवी झाली का, किती वेळ, नंतर किती वेळ गुंगीत. आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा, लाज वाटून घेऊ नका, तीस सेकंदांचा व्हिडिओ कितीदा तरी ईईजीपेक्षा (मेंदूतल्या विजेच्या आलेखापेक्षा) जास्त सांगून जातो.

आणि अचानक तोंड वाकडं, एका बाजूचा हात पडला, बोबडं बोलणं, यातलं एक जरी झालं तर ते नंतर स्ट्रोक ठरो, टीआयए ठरो नाहीतर आणखी काही, आधी सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास पेशंट शेवटचा ठीक दिसला तिथपासून मोजतात, तुमच्या लक्षात आलं तिथपासून नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हणून मालिश करणाऱ्याकडे नेण्यात हे साडेचार तास जातात. फक्त तोंड वाकडं झालंय आणि त्या बाजूच्या कपाळालाही आठ्या पडत नाहीत, तर ती बहुतेक बेल्स पाल्सी, चेहऱ्याच्या नसेची सूज. स्ट्रोकमध्ये कपाळ सहसा वाचतं. तरी ते घरी ठरवू नका, बेल्सच्या स्टेरॉइड गोळ्यासुद्धा ७२ तासांत सुरू केल्या तरच नीट उपयोगी पडतात.

सीझर डिसऑर्डर. सीझर म्हणजे फिट, आकडी, एक घटना. एपिलेप्सी म्हणजे परत परत फिट यायची मेंदूची प्रवृत्ती, एक आजार. २०१४ साली एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेली व्याख्या अशी की विनाकारण आलेल्या दोन फिट, त्यांच्यात २४ तासांहून जास्त अंतर, किंवा एकच पण पुढच्या दहा वर्षांत परत यायची शक्यता ६० टक्के किंवा जास्त. इथे 'विनाकारण' हा शब्द सगळ्यात वजनदार. शुगर एकदम खाली गेली, सोडियम पडलं, दारू अचानक सोडली, डोक्याला नुकताच मार लागला, अशा वेळी आलेली फिट ही एपिलेप्सी नसते. 'सीझर डिसऑर्डर' हा शब्द पुष्कळ डॉक्टर मवाळ म्हणून लिहितात, कारण मिरगी, फेफरं म्हटलं की घरात रडारड, मुलीचं लग्न, वगैरे. (लग्नावरून आठवलं, हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये एपिलेप्सीचा उल्लेख होता तो १९९९ साली काढून टाकलाय, अजून लोक वकिलाला विचारत बसतात.) पण मवाळ शब्दाने गोंधळ वाढतो. आईंना एकच फिट आली आणि ती ज्या दिवशी आली त्या दिवशी सोडियम ११७ होतं.

तर आता त्या ११७ वर या. तुम्ही ते शेवटी सहज लिहिलंय, माझ्या दृष्टीने सगळ्या कार्डात तेच सगळ्यात मोलाचं आहे. सोडियम १३५ ते १४५ असायला हवं. १२० च्या खाली गेलं, त्यातही झपाट्याने, की मेंदूच्या पेशीत पाणी शिरतं, मेंदू सुजतो, माणूस बरळतो, मग फिट येते. म्हणजे भान जाणं, आकडी, आकडीनंतर लुळा पडलेला हात, तिन्ही गोष्टी या एका आकड्यातून निघू शकतात. आणि सोडियम का पडलं? तुम्ही गोळ्यांची नावं दिलीयेत, बीपीची टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र, आणि घबराटीची एस्सिटॅलोप्राम. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे सोडियम घालवतं, एस्सिटॅलोप्राम शरीरात पाणी धरून ठेवायला लावतं, दोघं एकत्र आले आणि पेशंट वयस्क, बारीक अंगाची बाई, वर बीपीसाठी मीठ तोडलेलं, तर पहिल्या काही आठवड्यांत सोडियम पडणं हे आम्हाला पाठ असलेलं चित्र आहे. दोन्ही गोळ्या चांगल्याच आहेत, मी स्वतः लिहितो, पण या वयात दोन्ही चालू केल्या की दोनेक आठवड्यांत सोडियम तपासायचं असतं.

मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हेच झालं असं छातीठोकपणे सांगत नाही. पण ज्यांनी अॅडमिट केलं त्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'सोडियम कशामुळे कमी झालं आणि त्या दोन गोळ्या अजून चालू ठेवायच्या का?' स्वतःहून काही बंद करू नका, एस्सिटॅलोप्राम एकदम सोडली तर वेगळा त्रास होतो, बीपीची सोडली तर बीपी चढेल, आणि फिटची जी गोळी लावलीये ती तर कधीच मनाने थांबवायची नाही. ती किती दिवस घ्यायची हे मात्र विचारा, कारण फिट सोडियममुळेच होती असं ठरलं तर ती सहसा वर्षानुवर्षं लागत नाही. आणि हो, फिटसाठी कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन लावली असेल तर ते आजच्या आज कळवा, कारण त्याही सोडियम पाडतात.

आता 'अँग्झायटी न्यूरोसिस', म्हणजे घबराटीचा आजार. न्यूरोसिस हा शब्द अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० सालीच आपल्या वर्गीकरणातून वगळला, आपल्याकडच्या कार्डांवर तो अजून सुखाने नांदतोय. शब्द जुना असल्याचं मला फार वाईट वाटत नाही, त्याच्या आधी 'नोन केस ऑफ', म्हणजे 'आधीपासूनची पेशंट', लागलंय त्याचं वाटतं. कोणी ठरवलं? झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून एकदा गोळी दिली, एवढंच ना? साठीनंतर पहिल्यांदाच घबराट सुरू झाली तर थायरॉइड बघायचं, हृदयाचे ठोके अनियमित पडतात का बघायचं, हिमोग्लोबिन बघायचं, डिप्रेशन आहे का नीट विचारायचं. म्हातारपणीचं डिप्रेशन रडक्या चेहऱ्याने येत नाही, अंग दुखतं, पोट साफ होत नाही, जेवण जात नाही, कशात राम वाटत नाही, असं येतं. दोन आठवडे किंवा जास्त, रोज, बराचसा वेळ असं चाललं तर त्याला नाव द्यावं, एका रात्रीच्या जाग्रणावर देऊ नये. हे लेबल एकदा चिकटलं की पुढच्या वेळी खरोखर छातीत दुखलं तरी 'त्यांना तशी सवयच आहे' म्हणून ईसीजी उशिरा निघतो.

याहून वाईट लेबल म्हणजे एच.सी.आर., हिस्टेरिकल कन्व्हर्जन रिअॅक्शन. कॅज्युअल्टीत तरुण मुलगी डोळे मिटून, अंग घुसळत, वीस मिनिटं झटके देतेय, की कुणीतरी कोपऱ्यात ही तीन अक्षरं लिहितो, नाकाला अमोनिया, छातीवर मुठीने दाब, आणि घरच्यांना 'काही नाही, नाटक आहे'. याला आता फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह सीझर म्हणतात. मेंदूत विजेचा गोंधळ नसतो पण मुलगी ठरवून काहीही करत नसते, आणि उपचार असतात, बोलण्याचे, समुपदेशनाचे. डोळे घट्ट मिटलेले असणं ही त्यातली एक बऱ्यापैकी भरवशाची खूण, खऱ्या फिटमध्ये डोळे बहुधा उघडे असतात. पण काहींना दोन्ही प्रकारच्या येतात, म्हणून व्हिडिओ ईईजी लागतो. ही मुलगी न्यूरोवाला 'माझी नाही' म्हणतो आणि सायकियाट्रिस्टकडे घरचे नेत नाहीत, मग ती देवऋषाकडे पोचते.

तुमच्या आईंशी संबंध नाही पण विचारलंय म्हणून, स्किझोफ्रेनिया म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वं नव्हे. मराठीतलं छिन्नमनस्कता आणि सिनेमे, दोघांनी मिळून हा घोळ घातलाय. भास होणं, म्हणजे कोणी नसताना आवाज येणं, आणि संशय पक्का होऊन बसणं, आणि माणूस हळूहळू सगळ्यातून अंग काढून घेणं, असं ते असतं. जपानमध्ये त्यांच्या भाषेतलं 'मन दुभंगण्याचा आजार' अशा अर्थाचं नाव २००२ साली अधिकृतपणे बदललं, कारण डॉक्टर ते नाव पेशंटला सांगायलाच कचरत होते. सायकोसिस, म्हणजे भास-संशयापायी खरं-खोटं न कळणं, हा शब्द मात्र परत 'काय दिसलं'वाला आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आठवड्याभरात सायकोसिस झाला आणि सोबत फिट, तोंडाच्या विचित्र हालचाली, ताप असं काही असलं तर तो मेंदूला आलेली सूजही असू शकते, एन्सेफलायटिस, ज्याचा एक प्रकार २००७ पासूनच नीट ओळखला जायला लागला. म्हणून न्यूरो का सायकियाट्री ही भिंत तितकीशी पक्की नाही. कागदावरसुद्धा नाही. आजारांच्या जुन्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीमध्ये स्ट्रोक रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता, २०२२ पासून लागू झालेल्या नवीन आवृत्तीत तो मज्जासंस्थेत आला. आणि इन्शुरन्सवाले मानसिक आजार म्हणून क्लेम नाकारत असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचं बंधन आहे, ते त्यांना लेखी विचारा.

आता कोणाला दाखवायचं. पहिल्यांदा न्यूरोलाही नाही आणि सायकियाट्रिस्टलाही नाही, ज्यांनी अॅडमिट केलं त्या फिजिशियनकडेच, आठवड्याच्या आत, जाताना सोडियम परत तपासून. ते सुधारून टिकलं आणि आई आधीसारख्या बोलू-वागू लागल्या की न्यूरोची एक भेट, फिटची गोळी कधीपर्यंत आणि टीआयएचं प्रश्नचिन्ह पुसायचं का हे ठरवायला, त्यासाठी मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (सोनोग्राफीसारखी तपासणी) आणि ईसीजी झालाय का बघतील. घबराट, झोप तरीही तशीच राहिली तर सायकियाट्रिस्ट, निःशंक जा. तोपर्यंत कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या. सगळ्या म्हणजे गॅसच्या आणि चक्करच्या सुद्धा. गॅसच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं, चक्करच्या काही गोळ्यांत सिनॅरिझिन, या दोन्ही महिनोन्महिने चालू राहिल्या तर हात थरथरतात, चाल मंदावते, आणि मग पुढच्या कार्डावर 'पार्किन्सोनिझम' असा अजून एक शब्द येतो, जो गोळी थांबवल्यावर बहुतेकदा काही महिन्यांत जातो. लोक या गोळ्यांना औषधात धरतच नाहीत, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.